विश्रांतीचा हिशेब : झांझिबार बेटावर शिकलेला एक धडा



माल, भाव, उधारी, वटाव आणि कर यांचा हिशेब आपण रोजच करतो. आज एका अशा बाबीचा हिशेब मांडायचा आहे, जिचे खाते आपल्यापैकी बहुतेकांच्या खतावणीत कधी उघडलेलेच नसते. ती बाब म्हणजे विश्रांती.

आम्ही कापडाचे व्यापारी. एकतीस वर्षे पेढीवर बसलो. दोन्ही ईद, घरातली लग्नकार्ये आणि मयती सोडल्या तर एक दिवसही पेढीला पाठ दाखवली नाही आणि या गोष्टीचा आम्हांला अभिमान होता. आमचे मोठे भाई आमच्यापेक्षाही कामसू. ते बावन्नाव्या वर्षी गादीवर बसल्या जागीच गेले. तकाद्याची चिठ्ठी हातात तशीच होती. आम्ही चोपन्नाव्या वर्षात आलो तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि गोळ्यांबरोबर सुट्टीही लिहून दिली. आम्ही ती हसण्यावारी नेली. घरी बेगम एवढेच म्हणाल्या, "अहो, भाईजानचे वय तुम्ही केव्हाच ओलांडले." त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

जायचे कोठे, हा प्रश्न आला. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. भूगोलाच्या तासाला जंजबारचे नाव आले की मास्तर लगेच लवंगेचे नाव घेत. पुढे बाजारात आलो तेव्हा जुन्या दलालांच्या तोंडून मुंबईचे कापड तिकडे जात असल्याच्या गोष्टी ऐकल्या. जंजबार म्हणजेच झांझिबार. नऊ दिवस तेथे जाऊन नुसते बसायचे, असे आम्ही उभयतांनी ठरवले. त्या नऊ दिवसांत जे पाहिले आणि त्यातून जे शिकलो, ते येथे देत आहोत.

बेट कोठे आहे

झांझिबार हा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचा, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ६ अंशांवर असलेला बेटांचा समूह आहे. उंगुजा आणि पेंबा ही त्यातली दोन मोठी बेटे. आपण ज्याला झांझिबार म्हणतो ते उंगुजा. ते सुमारे ८५ किलोमीटर लांब आहे. १८४० च्या सुमारास ओमानचे सुलतान सय्यद सईद यांनी आपली राजधानी मस्कतहून येथे हलवली. १८९० साली बेट ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेले, डिसेंबर १९६३ मध्ये स्वतंत्र झाले, जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते टांगानिकाशी जोडले जाऊन आजचा टांझानिया देश बनला. २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे दोन्ही बेटांची मिळून वस्ती सुमारे १९ लाख आहे आणि त्यातले बहुसंख्य लोक मुसलमान आहेत.

आम्ही मुंबईहून दारेसलाम आणि तेथून बोटीने सुमारे दोन तासांत बेटावर पोहोचलो. महिना जुलैचा होता. आपल्याकडे पावसामुळे कापडाचा उठाव मंद असतो आणि तिकडे जून ते ऑक्टोबर हवा कोरडी व त्यातल्या त्यात थंड असते. म्हणजे आपला मंदीचा महिना हा तिकडचा चांगला महिना. सुट्टीचा विचार करणाऱ्यांनी ही पहिली गोष्ट टिपून ठेवावी.

वाऱ्याचे वेळापत्रक

जुन्या शहराला स्टोन टाऊन म्हणतात. २००० साली त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली तर भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. घरांना कोरीव लाकडी दरवाजे, त्यांवर पितळी फुल्या. बंदरावर जुन्या शिडाच्या गलबतांची वर्दळ अजून थोडीफार दिसते. बंदराच्या भिंतीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थाने आम्हांला मोडक्यातोडक्या हिंदीत जे सांगितले, ते आमच्या या लेखाचे मूळ आहे.

तेथे दोन वारे वाहतात. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वाहतो तो कास्काझी. साधारण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडून वाहतो तो कुसी. शिडाच्या जमान्यात कच्छ, मुंबई, मस्कत येथून निघालेली गलबते कास्काझीवर स्वार होऊन झांझिबारला उतरत. माल विकला गेला, लवंग आणि हस्तिदंत भरून झाले, तरी नाखवा लगेच निघू शकत नसे. वारा फिरून कुसी सुरू होईपर्यंत त्याला बंदरात थांबावेच लागे. ते थांबणे कधी आठवड्यांचे, कधी महिन्यांचे असे. त्या दिवसांत गलबताची डागडुजी होई, जुने हिशेब मिटत, सोयरिकी जुळत आणि माणसे झोप काढीत.

आमच्या कोकणातल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. पावसाळ्यात आपली बंदरे बंद होत आणि होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवल्या जात. दर्यावर्दी माणसाच्या वर्षात सक्तीची सुट्टी होती. ती कोणी मागत नसे. वारा देत असे.

पुढे आगबोट आली, तार आली, टेलिफोन आला आणि आता तर मोबाइल खिशात आहे. वाऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर व्यापाऱ्याचे थांबणेही संपले. थांबण्याची सक्ती गेली आणि सवय मात्र आपण लावून घेतली नाही. सबब आपल्या काळातील व्यापाऱ्याने आपला वारा आपणच ठरवला पाहिजे.

पहिले तीन दिवस : शरीर बेटावर, जीव पेढीवर

आता आमची कबुली. पहिले तीन दिवस आम्ही विश्रांती घेतलीच नाही. सकाळी नाश्ता झाला की आम्ही कापडाच्या दुकानांत. पन्हा मोजणे, सूत बोटांत चोळून पाहणे, भाव विचारणे, रुपयांत उतरवणे. दर दोन तासांनी मुलाला फोन. बेगम एकट्याच समुद्राकडे पाहत बसत.

तरी त्या भटकंतीत एक कापड असे भेटले की त्याची माहिती कापडवाल्यांना दिलीच पाहिजे. त्याचे नाव कांगा. हा सुती छापील कपडा सुमारे दीड मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद असतो. तो नेहमी जोडीने विकला जातो. जोडीला डोटी म्हणतात. दोन्ही तुकडे एकाला एक जोडलेले असतात. बाई घरी नेऊन ते कापते, कडा दुमडून शिवते, एक कमरेला गुंडाळते आणि दुसरा डोक्या-खांद्यावरून घेते. मूल पाठीशी बांधायलाही कांगाच. कपड्याचे तीन भाग असतात : चारी बाजूंचा काठ म्हणजे पिंडो, मधली नक्षी म्हणजे म्जी आणि खालच्या बाजूला छापलेली एक ओळ म्हणजे जिना. जिना म्हणजे नाव. ही ओळ स्वाहिली भाषेतील म्हण, दुआ किंवा टोमणा असते. जे शेजारणीला किंवा नवऱ्याला तोंडावर म्हणता येत नाही, ते बाई अंगावर नेसून सांगते. गिऱ्हाईक आधी ओळ वाचते, मग रंग पाहते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील बायका छापील मोठे रुमाल न कापता सलग घेऊन, तीन-तीनचे दोन तुकडे एकत्र शिवून नेसू लागल्या, तेथून या कपड्याची सुरुवात झाली असे मानतात. पुढे छापणारांनी अखंड कपडाच काढला. आज टांझानिया आणि केनियाप्रमाणे आपल्या देशातही कांगा छापून तिकडे जातो. म्हणजे आपल्याच देशातील कारागिराच्या हातचे कापड तेथील बाईच्या मनातले बोलते.

त्याआधीची गोष्टही कापडवाल्यांनी जाणून घ्यावी. १८३३ साली अमेरिकेने सुलतानाशी तह केला आणि सेलम बंदरातून कोरे, जाड, न धुतलेले सुती कापड येथे येऊ लागले. आपल्या भाषेत मांजरपाट म्हणा. त्याला येथे मेरिकानी हे नाव पडले आणि आतल्या मुलखात ते नाण्यासारखे चालू लागले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, पुरवठा तुटला आणि ज्या पेठेवर मक्ता वाटत होता ती हातची गेली. इंग्रजी माल घुसला आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही त्या पेठेत जागा मिळवली. मुंबईतील पहिल्या गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली होती.

हे सारे आम्ही वहीत टिपत होतो. तिसऱ्या संध्याकाळी कांगाच्या एका दुकानात आम्ही घाईघाईने दहावा कपडा उलगडायला सांगितला. दुकानाची मालकीण वयस्क बाई होती. तिने कपडा उलगडला नाही. मागच्या थप्पीतून दुसराच काढला आणि त्यावरच्या ओळीवर बोट ठेवले : हराका हराका हाईना बाराका.

अर्थ विचारावा लागला नाही. बाराका म्हणजे बरकत. हराका म्हणजे धावपळ. घाईघाईत बरकत नाही. मदरशात आणि उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला परक्या मुलखात त्याच्याच शब्दांत कोणी खडसावावे, तसे झाले. बेगम मोठ्याने हसल्या. ती जोडी आम्ही भाव न करता घेतली. एकतीस वर्षांत भाव न करता घेतलेले ते पहिले कापड.

लवंगेने काय शिकवले

चौथ्या दिवशी आम्ही बेटाच्या आतल्या मसाल्याच्या बागेत गेलो. वाटाड्याने लवंगेचे पान हातावर चुरले तर पानालाच वास. लवंग म्हणजे न उमललेली कळी. झाडावर चढून हाताने खुडायची, देठ वेगळे करायचे आणि चटईवर उन्हात वाळवायची. कळी उमलली की माल गेला. लवकर खुडली तरी भरत नाही. लावलेले झाड पीक द्यायला सहा-सात वर्षे घेते. घाईला येथेही जागा नाही.

पण लवंगेचा दुसरा धडा कडू आहे. सय्यद सईद यांच्या काळात या बेटांवर लवंगेच्या मोठ्या बागा उठल्या आणि त्या गुलामांच्या श्रमावर उठल्या. शहरातील गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला. आज त्या जागी इंग्रजांच्या काळचे मोठे गिरजाघर आहे आणि शेजारी गुलामांना डांबून ठेवण्याच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बुटक्या कोठड्या आहेत. आम्ही आत वाकून गेलो आणि क्षणभरही थांबवेना. गुलामी कायद्याने रद्द व्हायला १८९७ साल उजाडले.

या कारोबारात हिंदी व्यापाऱ्यांचे भांडवलही होते, हे आपण लपवू नये. जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे अनेक वर्षे बंदराच्या जकातीचा मक्ता होता आणि बागाइतदारांना कर्जे हिंदी पेढ्याच देत. कच्छचेच थारिया टोपन पुढे जकातीचे मक्तेदार झाले. त्यांनी बांधायला घेतलेला दवाखाना नक्षीदार सज्जांसह समुद्राकाठी अजून उभा आहे. त्याच मातीतून त्याच माणसांच्या हातून नफा, अन्याय आणि दानधर्म असे तिन्ही उगवले. हॉटेलच्या गादीवर पडलेल्या पाहुण्याने एवढा विचार तरी करावा की आपल्या विश्रांतीची किंमत कोणी दुसरा तर चुकवीत नाही ना.

लवंगेचा तिसरा धडा निव्वळ व्यापारी आहे. १८७२ च्या वादळाने उंगुजावरील बहुतेक लवंग आडवी झाली. पुढे पेंबाने बेटाची लाज राखली. विसाव्या शतकात सर्वांत मोठे गिऱ्हाईक इंडोनेशिया होते, कारण तेथील लोक लवंग घातलेली सिगारेट ओढतात. १९८० च्या दशकात इंडोनेशियाने आपल्या गरजेची लवंग आपणच पिकवली आणि भाव कोसळले. एक माल आणि एक गिऱ्हाईक यांच्यावर सारा संसार मांडला की असे होते. मग बेटाने पाहुण्यांकडे तोंड वळवले. २०२४ साली सात लाखांहून अधिक परदेशी पाहुणे तेथे आले. पण २०२० साली कोरोनाच्या साथीत विमाने थांबली तेव्हा हॉटेलवाल्यापासून नारळ विकणाऱ्या पोरापर्यंत सर्वांचा हात थांबला होता. मालाचे नाव बदलले. धोका तोच राहिला.

समुद्राचे घड्याळ

पाचव्या दिवशी आम्ही पूर्व किनाऱ्यावर जंबियानी नावाच्या गावी गेलो. तेथे चार दिवस राहिलो आणि खरी विश्रांती तेथे मिळाली.

पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी दूर खडकांच्या रांगेपर्यंत मागे सरते आणि मैदानासारखी पांढरी वाळू उघडी पडते. गावातल्या बाया डोक्यावर गोणी घेऊन त्या वाळूत उतरतात. तेथे समुद्री शेवाळाची शेती होते. वाळूत खुंट्या ठोकून त्यांना दोऱ्या बांधतात आणि दोऱ्यांवर शेवाळाचे तुकडे लावतात. वाढलेले शेवाळ वाळवून परदेशी जाते आणि खाण्याच्या पदार्थांत व सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही शेती येथे सुरू झाली आणि ती बहुतांशी बायकांच्या हाती आहे. अलीकडे समुद्राचे पाणी तापू लागल्याने चांगल्या जातीचे शेवाळ मरते, ही त्यांची मोठी अडचण आहे.

आम्ही त्यांच्या कामाची वेळ पाहत बसलो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या दिवसांत ओहोटी सर्वांत खोल जाते. तेव्हा त्या कामावर तुटून पडतात. भरती आली की काम बंद. मग सावलीत बसून दोऱ्या वळणे, मुले आणि गप्पा. कष्ट थोडे नाहीत, कमाई तर बेताचीच. तरी कामाला एक काठ आहे. कापडाला काठ नसला तर सुते सुटत जातात. आमच्या दिवसाला काठच नव्हता, हे तेथे समजले.

घड्याळाचीही एक गंमत सांगतो. स्वाहिली लोक वेळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. बोटवाल्याने "दोन वाजता या" म्हटले आणि आम्ही जेवून दुपारी दोनला गेलो. त्याने सकाळी आठला बोलावले होते! आमच्या पेढीवर असे झाले असते तर आम्ही घर डोक्यावर घेतले असते. तेथे तो म्हणाला, "पोले पोले," म्हणजे सावकाश, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेले.

त्या भाषेत आपली बरीच मंडळी भेटतात. दुकान म्हणजे दुका, पैसा म्हणजे पेसा, विमा म्हणजे बिमा, लाख म्हणजे लाकी, चपाती ती चपातीच. भांडवलदाराला बेपारी म्हणतात. ज्यांनी हे शब्द तेथे नेले, ते वाऱ्याची वाट पाहणारे लोक होते.

जंबियानीत आम्ही ठरवले की घरी फोन दिवसातून एकदाच, मगरिबनंतर. बाकी वेळ फोन बेगमच्या पेटीत. पहिला दिवस हात खिशाकडे जात राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नारळीच्या सावलीत झोपलो ते असरच्या अजानने जागे झालो. दिवसाची अशी झोप शेवटची केव्हा लागली होती, ते आठवेना. संध्याकाळी बेगमबरोबर वाळूत चाललो. तेहेतीस वर्षांच्या संसारात ज्या गोष्टी बोलायच्या राहून गेल्या होत्या, त्यांतल्या काही बोललो. भाईंची आठवण निघाली. भाई गेले त्या दिवशी आम्ही दुपारून पेढी उघडली होती, कारण एक गाडी माल उतरायचा होता. ही गोष्ट आम्ही आजवर कोणाजवळ काढली नव्हती. बेगमना ती माहीत होती.

पेढीवर काय झाले

सातव्या संध्याकाळी मुलाने फोनवर सांगितले, "अब्बा, एक फैसला मी करून टाकला आहे." आमचे वीस वर्षांचे एक गिऱ्हाईक नव्वद दिवसांच्या उधारीवर माल नेते. मुलाने त्यांना दोन टक्के जादा वटाव देऊन तीस दिवसांत रक्कम मागितली होती. आमच्या अंगाचा तिळपापड झाला. आम्हांला न विचारता! जुने गिऱ्हाईक तुटले असते तर? पण रागवायला हाताशी कोणी नव्हते. समोर फक्त समुद्र होता. रात्रभर आकडा मनात फिरवला. साठ दिवस आधी पैसा हाती आल्याचे व्याज धरले तर दोन टक्के महाग नव्हते. हा हिशेब आम्ही वीस वर्षांत मांडला नव्हता, कारण मांडायला बसलो नव्हतो.

परतल्यावर सव्विसाव्या दिवशी रक्कम जमा झाली.

सारेच गोड झाले असे मात्र सांगणार नाही. कोऱ्या कापडाचा एक स्वस्त लॉट हातचा गेला, कारण दलालाने मुलाशी बोलायला नकार दिला. तो दोष आमचाच. एकतीस वर्षांत आम्ही कोणत्याही दलालाला मुलाशी बोलू दिले नव्हते. ज्या पेढीचा मालक आठ दिवस उठू शकत नाही, ती पेढी भक्कम नव्हे. तिचा एकच खांब आहे आणि तो खांब म्हणजे आपण. लवंगेच्या बेटाची जी गत झाली, तीच अशा पेढीची होते.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याच्या बाबी

१. मार्च ते मे मोठा पाऊस आणि नोव्हेंबरच्या आसपास लहान पाऊस असतो. जून ते ऑक्टोबर उत्तम.

२. पासपोर्ट, व्हिसा आणि लशींबाबतचे चालू नियम तिकीट काढण्याआधी तपासावेत. दारेसलामहून बोटीने जातानाही झांझिबारला पासपोर्ट दाखवावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना झांझिबारच्या सरकारी विमा महामंडळाचा प्रवास विमा सक्तीचा झाला. तेव्हा त्याचा दर ४४ डॉलर होता.

३. शहरात आणि गावांत खांदे व गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. माणसांचा फोटो विचारून काढावा.

४. पोहायचे असेल तर उत्तरेकडील नुंग्वी, केंड्वा बरे. तेथे ओहोटीत पाणी फार दूर जात नाही. शांतता हवी तर पूर्व किनारा. तेथे भरती-ओहोटीच्या वेळा आधी विचाराव्यात.

५. खाण्याची चिंता नको. संध्याकाळी फोरोधानी बागेत मासळी, कबाब आणि आले-लिंबू घातलेला उसाचा रस मिळतो. मात्र पाणी बाटलीचेच प्यावे.

६. शंख, प्रवाळ, कासवाच्या पाठीच्या वस्तू घेऊ नयेत. कायद्याची अडचण येते. मसाला आणि कांगा घ्यावा.

७. जाण्याआधी महिनाभर पेढीचे काम दुसऱ्याच्या हातून करून घ्यावे आणि आपण शेजारी गप्प बसावे. दलालांना, गिऱ्हाइकांना त्याची ओळख करून द्यावी. ही तयारी तिकिटापेक्षा महत्त्वाची.

८. ज्यांना इतक्या लांब जाणे परवडत नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. आठ दिवस मुरूड किंवा दापोलीच्या किनाऱ्यावरही मिळतात. मोजायचे ते अंतर नव्हे, फोन बंद ठेवल्याचे तास मोजावेत.

शेवटची नोंद

परतल्यावर तिसऱ्या दिवशी मुनीमजींनी रोजमेळ पुढे ठेवला आणि तेथेच उभे राहिले. बावीस वर्षे ते आमच्याकडे आहेत. म्हणाले, "सेठ, तब्येत बरी दिसते तुमची." मग थोडे थांबून म्हणाले, "मलाही मुलीकडे आठ दिवस जायचे होते. दोन वर्षे झाली, विचारीन म्हणतो."

आम्हांला त्या बुटक्या कोठड्या आठवल्या. आमची पेढी तशी नाही, हे आम्ही जाणतो. पण बावीस वर्षे आमच्या शेजारी बसलेल्या माणसाला सुट्टी मागायला दोन वर्षे धीर गोळा करावा लागला, हेही खरे.

मुनीमजी दुसऱ्याच आठवड्यात पगारी रजेवर गेले. त्यांच्या मागे रोजमेळ आम्ही स्वतः लिहिला आणि तीन चुका केल्या. त्या त्यांनी आल्यावर दुरुस्त केल्या. आता पेढीवरच्या आणि गोदामातल्या प्रत्येक माणसाला वर्षातून आठ दिवसांची पगारी रजा आळीपाळीने मिळते. तिची तारीख आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहितो, म्हणजे कोणाला मागावी लागत नाही. आमची स्वतःची तारीखही त्याच पानावर, सर्वांत खाली आहे.